शिडीची हलकी बॅट

खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात बॅट घ्यायला गेलेल्या माणसाला आधी मालक भेटत नसे, तराजू भेटत असे. तराजू म्हणजे वजनाचा काटा नव्हे, माणूस. पन्नाशी ओलांडलेला, बुटका, रुंद खांद्यांचा. तरुणपणी तो बेसबॉलमध्ये कॅचर होता, म्हणजे बॅट फिरवणाऱ्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. त्या झेलण्यात त्याच्या बोटांनी ज्या नाना दिशा धरल्या होत्या त्या कायमच्या. अशा वाकड्या बोटांत बॅट धरून तो मनगट जरासं हलवी आणि सांगे, "ही टोकाला जड आहे," किंवा "हिचं वजन बरोबर आहे पण हिला जीव नाही." काट्यावर ठेवून बघावं तर काटा त्याच्याच बाजूने बोले. म्हणून तराजू. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघे, कारण बायकोही त्याला 'अहो'च म्हणे.

बॅट निवडायची त्याची एक रीत होती आणि तिला शाळा-कॉलेजातली सगळी पोरं वचकून असत.

"बाजूला उभी राहा. एका हातात धर, अगदी खालच्या गुंडीपाशी. हात खांद्याच्या रेषेत सरळ. डोळे मीट. आता सांग, सकाळी उठल्यापासून इथे येईपर्यंत काय काय झालं."

पोर सांगू लागे. आई ओरडली, मोजा सापडला नाही, बस चुकली. सांगता सांगता जीव गोष्टीत रमला की हात खरं बोलू लागे. बॅट जड असली तर तिचं टोक हळूहळू जमिनीकडे झुके आणि पोराला त्याचा पत्ताही नसे. "ठेव खाली. ही तुझी नाही." गोष्ट संपेपर्यंत हात जिथल्या तिथे राहिला, तर ती बॅट त्या पोराची. या रीतीमुळे तराजूला घराघरातली भांडणं ठाऊक झाली होती. पण ऐकलेलं त्याने कधी या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

पोरांच्या बापांशी मात्र त्याचं जमत नसे. बापमंडळी वाढत्या अंगाचे कपडे घ्यायला यावं तशी बॅट घ्यायला येत. "जरा मोठीच द्या, दोन वर्षं निघतील." तराजू म्हणे, "बूट मोठे घेतलेत तर फार तर पडेल पोरगं. बॅट मोठी घेतलीत तर चेंडू घरी जाऊन जेवायला बसल्यावर फिरेल ती." काही बाप हसत, काही दुसऱ्या दुकानात जात. दुसऱ्या दुकानात गेलेल्यांची पोरं महिन्याभरात एकटीच परत येत.

त्याचं म्हणणं साधं होतं. शाळेतल्या पोराचं मनगट कोवळं, त्याला हलकी बॅट द्या. कॉलेजात समोरून येणारा चेंडू तिखट, तिथे फार हलकी दिलीत तर चेंडूच बॅटला मारेल, म्हणून थोडं अंग हवं. पण दोघांनाही ती चटकन फिरली पाहिजे. चटकन फिरणारी बॅट हातात असली की चेंडू डोळाभर बघून मग ठरवता येतं. वजनदार बॅटवाल्याला आधीच ठरवावं लागतं, आणि आधी ठरवणारा माणूस खेळात काय, संसारात काय, फसतो.

हे सगळं तो वर्षानुवर्षं बॅटच्या बाजूने बोलत आला होता. बॅटच्या समोर कोण उभं असतं, याचा विचार करायची त्याच्यावर वेळ आली नव्हती. मग त्याची स्वतःची मुलगी पिचर झाली.

तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी गरगर फिरून पडायची तिला हौस, ते नाव चिकटलं आणि पुढे शोभलंही. पिचर म्हणजे मैदानाच्या मधोमध मातीच्या उंचवट्यावर उभं राहून बॅटवालीला चेंडू टाकणारी. भिंगरीचा चेंडू शेवटच्या क्षणी असा काही वळे की भल्याभल्या मुली वाऱ्याला मारत. कॉलेजचा संघ तिच्या जिवावर अंतिम सामन्यापर्यंत आला होता. बापाचा ऊर भरून येई. पण चेंडू सोडल्यावर पिचर एका पायावर झुकलेली असते, हात खाली गेलेला असतो, तोंड उघडं असतं. हे बघायला तो आता शिकला होता, आणि एकदा दिसलेलं काही केल्या न दिसल्यासारखं होईना.

त्याला कारणही घडलं होतं. त्याच मोसमात दुसऱ्याच एका कॉलेजची पिचर बरगडीत चेंडू लागून मैदानावर आडवी झाली. चेंडू सरळ तिच्याकडे परतला होता. तराजू प्रेक्षकांत होता. आधी बॅटचा आवाज आला, भरलेला, गोड, अगदी त्याच्या आवडीचा. लगेच दुसरा आवाज आला, तो मात्र त्याला कुठे ठेवावा ते कळेना. ती पोर वाचली, महिन्याभरात हिंडूफिरू लागली. पण चेंडू परतवणारी ती बॅट तराजूने निवडून दिली होती. हलकी, चटकन फिरणारी, गोष्ट संपेपर्यंत हात न झुकवणारी.

तेव्हापासून त्याच्या घरात जेवताना एकच विषय.

"तोंडावर जाळी लाव," तो भिंगरीला म्हणे.

"लावून बघितली, बाबा. कडेचं दिसत नाही. चेंडू हातातून सुटतो."

"सुटू दे. दात राहतील."

"ताटातलं गार होतंय," बायको मध्ये पडे. ती एका कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलापाशी उभी असे, आणि वाफेने तिचं बोलणंही चांगलं कडक झालं होतं. "जन्मभर लोकांच्या पोरांच्या हातात दांडकी दिलीत. आता आपली पोर समोर आली तर पाचावर धारण बसली. ती खेळायची नाही का?"

"मी कुठे नको म्हणतोय?"

"मग रोज तोंड पाडून का बसता?"

भिंगरी हसून म्हणाली, "बाबा, तुम्हाला शिडीची भीती वाटते ना? अंतिम सामन्यात तिच्याशी गाठ आहे म्हणून?"

शिडी ही समोरच्या कॉलेजची सगळ्यात दणकट बॅटवाली. उंच, काटकुळी, जिन्यावरून उतरताना गुडघे आधी दिसणारी. शाळेत असल्यापासून तिची प्रत्येक बॅट तराजूनेच निवडली होती. डोळे मिटून गोष्ट सांगायला सगळ्यात जास्त आवडे ते तिलाच. गोष्ट संपली तरी ती संपवत नसे, हात दुखला तरी खाली घेत नसे. "काका, तुम्ही म्हणाल ती," एवढंच तिचं म्हणणं. तिच्या आताच्या बॅटवर तर तराजूचा स्वतःचाच जीव होता.

"शिडीचं मला काही नाही," भिंगरी भाजी वाढून घेत म्हणाली. "ती इतकी चटकन फिरवते की चेंडू तिला नेहमी पुढेच सापडतो. तिचा प्रत्येक फटका डावीकडे, तिसऱ्या बेसच्या अंगाला जातो. माझ्याकडे तिचा चेंडू आजवर एकदाही आला नाही. तुम्हीच बघा आठवून."

तराजूने मान हलवली. पण घाबरलेल्या माणसाच्या कानात शिरलेलं डोक्यापर्यंत पोचतंच असं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि त्याचं मन तर आता दिवसरात्र तेवढा एकच उद्योग करत होतं.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दोन्ही कॉलेजांच्या बॅटा तपासणीला दुकानात आल्या. त्या स्पर्धेची ती पद्धतच होती. शिडीची बॅट लाकडाची नव्हती, चिवट धाग्यांचे थर एकावर एक चिकटवून केलेली होती. अशा बॅटचं एक विचित्र असतं. नवी असताना ती घुमी असते. मार खाऊन खाऊन तिचे थर आतून सैल होत जातात आणि ती अधिकाधिक उसळू लागते. फुटायच्या थोडं आधी ती सगळ्यात जास्त उसळते. म्हणून दुकानात एक यंत्र होतं. ते बॅट दाबून सांगे, की हिला अजून खेळू द्यायचं की बस. पास झालेल्या बॅटवर तराजू हिरवी चिकटपट्टी लावी आणि त्याच्या पट्टीवर कोणी कधी शंका घेतली नव्हती.

शिडी स्वतःच बॅट घेऊन आली. "काका, दांड्याची पट्टी पण बदलून ठेवा ना. घामाने सुटलीय. दुपारी नेते."

ती गेल्यावर त्याने बॅट यंत्रात घातली. पास. पण अगदी काठावर, जेमतेम. मग त्याने ती कानाशी धरून अंगठ्याने टकटक केलं. आवाज मोकळा झाला होता. आता ही बॅट तिच्या आयुष्यात सगळ्यात जोरात मारणार होती, आणि ते उद्या.

नापास करावी? यंत्र पास म्हणतंय. उद्या सगळीकडे होईल, पोरीसाठी बापाने शिडीची बॅट अडवली. हात दाखवून अवलक्षण. पास करावी? मग मातीच्या उंचवट्यावर एका पायावर झुकलेली भिंगरी डोळ्यांपुढून हलेना. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे तराजू वाकड्या बोटांत बॅट धरून उभा.

आता कोणीही म्हणेल, अरे बाबा, शिडीला समोर बसवून सरळ सांगायचं. ते त्याला सुचलंही. पण त्याला वाटलं, अंतिम सामना आहे, लाडकी बॅट आहे, आणि सांगणारा कोण, तर समोरच्या पिचरचा बाप. कोण ऐकेल? त्याने स्वतःच प्रश्न केला, स्वतःच उत्तर दिलं आणि शिडीला विचारायचं राहूनच गेलं.

जेवणाच्या सुट्टीत दुकान रिकामं झालं. त्याने शटर अर्धं ओढलं. बॅटच्या जाड टोकाला बसवलेलं टोपण गरम हवेने सैल केलं आणि काढलं. आत हात घालून त्याने फटी बुजवायच्या रबरी लुकणाचा एक गोळा बसवला, अर्ध्या अंड्याइतका. जागा त्याने बरोबर निवडली. तेवढंच वजन दांड्याकडे घातलं तर काहीच फरक पडत नाही, टोकाला घातलं तर बॅट आळसावते, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? बॅट आळसावली की फटका मंद होईल, एवढाच त्याचा हिशोब. टोपण परत चिकटवलं, दांड्यावर नवी पट्टी गुंडाळली, हिरवी चिकटपट्टी लावली. हे सगळं किती सफाईने जमलं याचं त्याला मागाहून फार वाईट वाटलं.

दुपारी शिडीने बॅट उचलली, एकदा फिरवली आणि थांबली.

"काका, वेगळी लागतेय."

"नवी पट्टी आहे," तराजू म्हणाला. "हात बसेपर्यंत तसं वाटतं."

"बरं," शिडी म्हणाली आणि गेली. तिने दुसऱ्यांदा फिरवूनसुद्धा बघितली नाही. काका म्हणाले, म्हणजे तसंच असणार.

दुसऱ्या दिवशी मैदानात तराजू बायकोशेजारी बसला होता. ऊन स्वच्छ होतं, लोक ओरडत होते. शिडी पहिल्यांदा खेळायला आली तेव्हा भिंगरीने तिला तीन चेंडूंत परत पाठवलं. शिडीची बॅट दर वेळी चेंडूच्या मागून फिरली. लोक चकित झाले. शिडी जाता जाता स्वतःच्या हातांकडे बघत होती. तराजूला इतकं हलकं वाटलं की त्याने बायकोला सरबत आणून दिलं.

"आज काय मोठं दान केलंत?" बायको म्हणाली.

शिडी दुसऱ्यांदा आली. भिंगरीने हात फिरवला, चेंडू सोडला, एका पायावर झुकली. शिडीने या वेळी मनगटांत होतं नव्हतं तेवढं सगळं बळ ओतलं. तरी बॅटला उशीर झाला. फार नाही, एवढासा. नेहमी जो चेंडू तिला पुढे सापडे आणि डावीकडे जाई, तो आज तिला अंगाजवळ सापडला. अंगाजवळ सापडलेला चेंडू सरळ जातो.

सरळ म्हणजे कुठे, ते तराजूला चेंडू बॅटला लागायच्या आतच कळलं. सगळं तारुण्य त्याने बॅटच्या मागे बसून काढलं होतं. लवकर फिरली तर डावीकडे, बरोबर वेळेवर फिरली तर समोर, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. फक्त काल, दुकानात, जागा असताना त्याला ते आठवलं नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि ओरडला. काय ओरडला ते कोणालाच कळलं नाही, कारण तोपर्यंत भिंगरी मातीवर गुडघ्यांवर आली होती आणि दोन्ही हात तोंडावर होते.

गालाचं हाड मोडलं होतं. उजव्या डोळ्याभोवती इतकी सूज होती की डोळा आत आहे की नाही ते दिसत नव्हतं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हाड जुळेल. डोळ्याचं मात्र सूज उतरल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही." किती दिवस, ते बायकोने विचारलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते तराजू दवाखान्याच्या बाकावर बसून खात होता. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही म्हणत होतात, जाळी लाव म्हणून," ती म्हणाली. "आम्हीच ऐकलं नाही तुमचं." तो हात त्याला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीला बोलता येऊ लागलं. शब्द जड होते, पण डोकं तिचं खेळाडूचंच.

"बाबा," ती म्हणाली, "शिडीला उशीर कसा झाला?"

"होतो कधी कधी."

"तिला नाही होत." तिने उघडा डोळा छताकडे लावला. "दोन्ही वेळेला झाला."

तेवढ्यात शिडीच दारात आली. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत, आणि हातात ती बॅट. बायकोने तिला आत घेतलं. शिडी भिंगरीजवळ गेली, काही बोलायला तोंड उघडलं आणि रडू लागली. मग नाक पुसून तराजूकडे वळली.

"काका, मला काहीतरी झालंय. माझे हात गेलेत."

"असं का म्हणतेस?"

"थांबा, बघाच तुम्ही."

ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. बॅट एका हातात, अगदी गुंडीपाशी. हात खांद्याच्या रेषेत सरळ केला, डोळे मिटले आणि लहानपणी सांगायची तशी सांगू लागली.

"सकाळी उठले. आईने चहा दिला, तो प्याले नाही. आई म्हणाली, जा, भेटून ये तिला, तू काही मुद्दाम नाही मारलंस. मी म्हटलं, मला भीती वाटते, तराजूकाका काय म्हणतील. आई म्हणाली, ते काही म्हणणार नाहीत, त्यांनी तुला लहानाची मोठी होताना बघितलंय. मग मी निघाले. रस्त्यात सारखं वाटत होतं, की..."

बॅटचं टोक झुकू लागलं होतं. सावकाश, तिच्या नकळत. तराजूने हजारो हात झुकताना बघितले होते. प्रत्येक वेळी तो पुढे होऊन म्हणे, ठेव खाली, ही तुझी नाही. आज टोक तिच्या गुडघ्यापर्यंत आलं, तेव्हा तिनेच डोळे उघडले.

"बघितलंत?" ती म्हणाली. "हीच माझी बॅट, तुम्हीच दिलेली. पूर्वी सगळी गोष्ट सांगून व्हायची. आता अर्धीसुद्धा होत नाही. काका, मी खेळणं सोडू का? माझ्या हातात जोर असता तर तो चेंडू डावीकडे गेला असता, हिला लागलाच नसता."

तराजूने तिच्या हातातून बॅट घेतली. जाड टोक वर करून बोटांनी दाबलं, जणू आतला गोळा बाहेरून चाचपता येणार होता.

"हात तुझे ठीक आहेत," तो म्हणाला. "बॅट जड आहे. मी केली. टोपण काढून आत वजन घातलं, परवा दुपारी."

"का?" हे शिडीने नाही, बायकोने विचारलं.

"हिला लागू नये म्हणून."

बायको भिंतीजवळच्या खुर्चीवर सावकाश बसली. शिडीला समजायला वेळ लागला, कारण काका खोटं बोलू शकतात हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, ते आता बसवायचं होतं. मग ती रागावली नाही, हेच वाईट. ती गोंधळून म्हणाली,

"पण मला सांगायचं ना, काका. म्हणायचं, उद्या ही नको, दुसरी घे. तुम्ही सांगितलेली बॅट मी कधी नाकारली होती का?"

तराजूने आठवून बघितलं. खरंच, कधीच नाही.

भिंगरीने पांघरुणातून हात बाहेर काढला. तराजू बॅट काखेत धरून एक पाऊल पुढे सरकला. पण तिने चाचपडत धरलं ते शिडीचं मनगट, आणि तिला पलंगाच्या कडेवर बसवून घेतलं.